पोथीखोलीतल्या बाई

बाई कुणाच्या तोंडाकडं आधी पाहत नसत. आधी हात पाहत. हात पसंत पडले तर नजर वर यायची, आणि तोंडाबद्दलचं त्यांचं मत सहसा बरं नसायचं.

माझे हात पहिल्याच दिवशी नापास झाले. मी वाचनालयात नुकता कारकून म्हणून लागलो होतो. बोटांना शाई होती, आणि ती असणं हा मी आपल्या पेशाचा मान समजत होतो. बाईंनी मला रांजणाकडं पिटाळलं. धुऊन आलो तर म्हणाल्या, "वाळवा." मी हात धोतराला पुसायला लागलो. "धोतराला नाही. खिडकीत धरा." मग मी, चांगला संसारी माणूस, दोन मुलांचा बाप, रस्त्यावरच्या खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून उभा राहिलो. खालून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला वाटलं, मी त्याला बोलावतोय. तो वर आला. त्यालाही हात धुवावे लागले.

हे सोलापुरात मार्शल लॉ उठून गेल्यानंतरच्या दिवसांतलं. आमच्या वाचनालयाच्या खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं होती, वरच्या मजल्यावर कादंबऱ्या होत्या आणि तिथंच, जिना चढून आलं की तोंडाशी, ही पोथीखोली होती. मी लागण्याआधी तिथं कुणाकुणाच्या घरून आलेल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांचा ढीग पडला होता. मंडळानं, म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या पाच-सात प्रतिष्ठितांनी, त्यांची व्यवस्था लावावी असा ठराव केला होता. पण खोलीत उंदीर असल्यामुळं ठरावाच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. बाई तेव्हा साध्या वर्गणीदार होत्या. त्या म्हणाल्या, "मी लावते." मंडळाला वाटलं, बाईमाणूस आहे, झाडून काढील. बाईंनी झाडून काढलं, बाजारातून नवं कुलूप आणलं, दाराला लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. खोली बाईंची झाली ती अशी. नेमणूक म्हणून काही झालीच नव्हती, त्यामुळं काढून टाकायचं म्हटलं तरी कशावरून काढणार, हा प्रश्नच होता.

त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या. वडील पुराण सांगत. मुलगा नव्हता, म्हणून मुलीला शिकवलं, आणि मुलगी थांबेना म्हणून शिकवत राहिले. बाळबोध, मोडी, कानडी त्या सारख्याच सहजतेनं वाचत. तेलुगू अक्षरं लग्नानंतर शेजारणीकडून शिकल्या. फारसी मात्र येत नव्हती, आणि ते त्या कुणी न विचारताच सांगत. "हे मला येत नाही," असं त्या ज्या ठसक्यात म्हणत, त्या ठसक्यात आमच्या मंडळातल्या कुणाला "येतं" म्हणतानाही मी ऐकलं नाही.

मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "अहो कारकून" एवढंच. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. माझं नाव चांगलं होतं, बारशाला आत्यानं विचार करून ठेवलेलं होतं. एकदा धीर करून मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं आहे. अहो कारकून, ती खुर्ची जरा उन्हातून हलवा."

बाईंचे यजमान हयात होते आणि दुपारी त्यांना डबा घेऊन येत. हे वाक्य मी आज सहज लिहितोय. त्या काळी लोक ते बघायला थांबत. यजमान गिरणीच्या कचेरीत होते, डोळे अधू झाले म्हणून घरी बसले होते. भोंगा झाला की थोड्या वेळानं जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज येई. बाई व्हरांड्यात जाऊन जेवत, कारण खोलीत अन्न न्यायला बंदी होती. यजमान पलीकडं स्टुलावर बसून राहत. दोघं बोलत नसत. जेवण झालं की बाई म्हणत, "मीठ कमी होतं." यजमान म्हणत, "उद्या घालतो." इतका सुखाचा संसार मी फार कमी ठिकाणी पाहिला.

पोथ्या गोळा करायची बाईंची रीत निराळी होती. मंडळाची रीत अशी की घरातल्या कर्त्या पुरुषाला पत्र पाठवायचं. कर्ता पुरुष आनंदानं हो म्हणायचा आणि विसरून जायचा. पोथी घरात कुठल्या डब्यामागं पडली आहे हे त्याला ठाऊकच नसायचं. बाई कर्त्या पुरुषाला नमस्कार करून सरळ स्वयंपाकघरात जात. मी छत्री घेऊन ओट्यावर बसे.

भवानी पेठेत एका विणकराच्या घरी आम्ही असे गेलो होतो. पडवीत माग खडखडत होता. आत एक म्हातारी तांदूळ निवडत होती. बाईंनी दुसरं सूप ओढलं आणि निवडायला लागल्या. पहिल्या खेपेला पोथीचं नावही काढलं नाही. दुसऱ्या खेपेला म्हातारीच म्हणाली, "अक्का, वर फळीवर ताडपत्राचा गठ्ठा हाय. मालक होते तवर वाचत होते. आता पोरं मिलमधी जातात. कोण वाचतंय? उंदरानं कडा खाल्ल्यात. भीमेला सोडायचं म्हनून काढून ठेवलंय."

ही आमच्याकडची रीत. पोथी फाटली, कुरतडली गेली की ती घरात ठेवत नाहीत. रद्दीत टाकणं पाप, म्हणून हळदकुंकू वाहून, हात जोडून नदीत सोडतात. पुष्कळ जुनं ज्ञान आमच्या भागात असं भक्तिभावानं बुडालं आहे.

बाई म्हणाल्या, "भीमेला पुढच्या वर्षी सोडा. तोवर माझ्याकडं राहू दे."

"तुमच्याकडं म्हंजे कुटं?"

"वाचनालयात. कुलपात. किल्ली माझ्या कमरेला असते, ही बघा. पोथी तुमचीच. वाटेल तेव्हा या, मी स्वतः काढून दाखवीन. मी असेपर्यंत तिला काही होणार नाही."

म्हातारीनं किल्ली हातात घेऊन पाहिली, वजन केल्यासारखी खालीवर केली आणि परत दिली. तिसऱ्या खेपेला गठ्ठा आमच्याबरोबर आला. कागद नाही, सही नाही, पावती नाही. एका बाईनं दुसऱ्या बाईला दिलेला शब्द, एवढाच काय तो व्यवहार.

बेगम पेठेतून एका हकिमाच्या नातीकडून हातानं लिहिलेली औषधांची किताब आली तीही अशीच. त्या म्हणाल्या, "हमारे घर में अब पढनेवाला कोई नै रहा, बाई. ले जाओ. मगर देखने कू आऊंगी मैं."

"या की. मी आहे."

आणि त्या खरोखरच येत. सगळ्याच येत. कुणी सणाला येई, कुणी मुलीचं लग्न ठरलं म्हणून, कुणी उगीच. पोथीला कुंकू लावू नये, पानं चिकटतात, हे बाईंनी त्यांना पढवलं होतं. ज्यांना राहवत नसे त्यांना त्या म्हणत, "चौकटीला लावा." त्यामुळं पोथीखोलीची चौकट एखाद्या देवळाच्या चौकटीसारखी लाल झाली होती. खाली वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी मंडळाकडं तक्रार केली, की जिन्यावरून सारख्या बायका येत-जात असल्यामुळं जगाच्या घडामोडींकडं लक्ष लागत नाही. तक्रार खरी होती. मी त्यांना पाहत होतो, त्यांचं लक्ष घडामोडींकडं नसे.

आता कातीबद्दल सांगायला हवं. पोथीला कीड लागू नये म्हणून बासनात, म्हणजे पोथी गुंडाळायच्या लाल कापडात, वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालतात. बाई त्यात सापाची कात घालत. त्यांच्या वडिलांची तशी पद्धत होती. सापाची कात दुकानात मिळत नाही. सांगोल्याकडचा एक धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला आला की पटक्याच्या शेवात गुंडाळून ती आणून देई. बाई त्याला भाकरी-पिठलं खायला घालत आणि कात उजेडात धरून तपासत.

"डोक्याकडं फाटली आहे."

"बाय, लई जपून आणलीया. बांधावर घावली तशीच हाय बगा."

"मागच्या खेपेची अख्खी होती."

"आता काय सापाला जाऊन इचारू व्हय, नीट काढ म्हनून?"

बाई हसत नसत. पण कात ठेवून घेत, आणि वर त्याला आणखी एक भाकरी देत.

एकदा पुण्याहून एक विद्वान आले. मोठे गृहस्थ होते, अध्यक्षांकडं उतरले होते. अध्यक्ष म्हणजे शहरातले एक जुने वकील. त्यांचं भाषण लांब आणि मन चांगलं होतं, पण दोन्ही एकाच वेळी चालत नसत. विद्वानांचे हात पाहिले गेले, धुतले गेले, खिडकीत वाळले. इथवर त्यांनी सोसलं. मग त्यांनी एक बासन सोडलं आणि पहिलं पान उचललं, तशी आतून हातभर लांबीची कात सळसळत त्यांच्या मांडीवर उतरली.

विद्वान टेबलावर होते. कसे चढले हे मला दिसलं नाही, इतक्या लवकर ते झालं.

"टेबलावर चढू नका," बाई म्हणाल्या. "पायाची धूळ पोथीवर पडते."

विद्वानांनी खाली उतरून पोथी फार बारकाईनं वाचली, आणि तिचं मोल त्यांना कळलं, हे त्यांच्या तोंडावरून मला दिसत होतं. पण हसू दाबण्यात मी कमी पडलो होतो. रात्रीच्या जेवणाला त्यांनी अध्यक्षांना सांगितलं, की संग्रह अमोल आहे आणि म्हणूनच तो एका शिकल्यासवरल्या जबाबदार पुरुषाच्या ताब्यात असायला हवा. अध्यक्षांना आजवर संग्रह अमोल आहे हेच माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर तो बाईंच्या हातात राहू देणं त्यांना धोक्याचं वाटू लागलं.

मंडळाची सभा झाली. इतिवृत्त लिहायला मी होतो. अध्यक्ष म्हणाले, "बाईंनी हे काम आईच्या मायेनं केलं."

"आईच्या मायेनं नाही," बाई म्हणाल्या. "हात धुऊन केलं."

अध्यक्षांनी पाणी पिऊन पुढं सांगितलं, की मंडळ आता ग्रंथपालाचं पद निर्माण करत असून त्यावर एका पदवीधर गृहस्थांची नेमणूक होत आहे. पोथीखोलीही त्यांच्याकडं जाईल.

"मग आजवर मी कोण होते?"

"आपण काम पाहत होता."

"आणि ते येऊन काय करणार?"

अध्यक्षांनी चिटणिसांकडं पाहिलं. चिटणीस म्हणाले, "ते पदावर असतील."

बाई एवढंच म्हणाल्या, "खोली नीट चालली नाही, असं कुणी म्हणत असेल तर मला सांगा. मी सुधारते. नीट चालली असेल तर माझ्याकडं राहू द्या. मला ती हवी आहे." बाईंना मी कुणाकडं काही मागताना पाहिलं ते त्या एकदाच. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. किल्ली पहिल्या तारखेला द्यायची ठरली. इतिवृत्त लिहिताना माझं अक्षर बिघडलं, ते आजही तसंच बिघडलेलं तिथं पाहायला मिळेल.

बाई कुणाकडं रडल्या नाहीत. पण पहिल्या तारखेला सकाळी वाचनालयाच्या दारात बायकांची गर्दी होती. भवानी पेठेतली म्हातारी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली होती. हकिमाची नात बुरख्यात एका बाजूला उभी होती. जंगमाची कानडी बोलणारी बायको, भटजींची सून, आणखी कितीतरी. बहुतेकींच्या हातात धुतलेलं कापड होतं. नवे ग्रंथपाल हार घालून उभे होते आणि हा सत्काराचाच भाग असावा असं समजून नमस्कार करत होते.

म्हातारी पुढं झाली. "आमची पोथी द्या. अक्काच्या कमरंला किल्ली हाय म्हनून दिली व्हती. आता न्हाय ऱ्हात, असं मालक सांगून गेले."

मालक म्हणजे बाईंचे यजमान. हा माणूस मला आजवर मिठाखेरीज कशावर बोललेला माहीत नव्हता. अधू डोळ्यांनी, काठी टेकत तो घरोघर फिरून आला होता. बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मीच दोन पावलं मागं सरलो. यजमान म्हणाले, "किल्ली दुसऱ्याकडं जातेय, एवढंच मी सांगितलं."

अध्यक्ष पांढरे पडले. कायदा त्यांना कळत होता. पोथ्या वाचनालयाला दिल्याचा एकही कागद नव्हता. त्या बायका आपापलं बासन उचलून चालू लागल्या असत्या तर अडवायला काही आधार नव्हता. ते बाईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही यांना थांबवा. किल्ली तुमच्याकडंच राहू दे हवं तर. आपण बसून बोलू." मी शेजारीच होतो. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खोकलो. बाईंनी आता काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. चार पोथ्या जिना उतरल्या असत्या, की मंडळ त्यांच्या पाया पडलं असतं.

बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढून उभ्या राहिल्या आणि वाट अडवली.

"कुठं ठेवणार नेऊन?" त्यांनी म्हातारीला विचारलं.

"व्हती तितंच. फळीवर."

"उंदीर गेले?"

म्हातारीनं हातातल्या कापडाची घडी घातली.

"तुम्ही?"

"देव्हाऱ्यात," भटजींची सून म्हणाली.

"निरांजनाशेजारी. आणि तुम्ही?"

"संदूक में," हकिमाची नात म्हणाली.

"त्याच पेटीत वाळवी होती ना? तुम्हीच सांगितलं होतं." मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्यासाठी आलात, हे मला कळतं. पण पावसाळा तोंडावर आहे. आज या पोथ्या घरी गेल्या तर दिवाळीपर्यंत निम्म्या संपतील आणि उरलेल्या तुम्ही नदीत सोडाल. इथं राहिल्या तर राहतील. किल्ली या गृहस्थांकडं जाणार. त्यांच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण भिंती कोरड्या आहेत, ते मला माहीत आहे. जा घरी."

"आन् अक्का, तुमचं काय?" म्हातारीनं विचारलं.

"माझं काय असायचं? पोथ्या तुमच्या आहेत. जा."

म्हातारी रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं, पण वाट सोडली नाही. एकेक करून सगळ्या रिकाम्या हातांनी परत गेल्या. अंगण मोकळं झालं. अध्यक्षांनी रुमालानं घाम पुसला, बाईंकडं वळले आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

बाईंनी किल्ली दिली. यजमानांच्या काठीला धरून त्या निघाल्या. मी फाटकापर्यंत धावत गेलो. मला फार राग आला होता, अध्यक्षांचा नव्हे, बाईंचा. मी म्हणालो, "बाई, तुम्ही फक्त गप्प बसायचं होतं. किल्ली परत आली असती."

"किल्ली आली असती हो," बाई म्हणाल्या. "पोथ्या आल्या असत्या का?"

नवे ग्रंथपाल माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पोथ्यांना नंबर दिले, पाऊस आत येऊ दिला नाही, माझ्याशी आदरानं बोलत. पोथ्या मिळवायला तेही घरोघर गेले. कर्त्या पुरुषांनी त्यांचं स्वागत केलं, चहा दिला आणि पोथी पाहून ठेवतो म्हणून सांगितलं. भवानी पेठेत एका दारातून आतली बाई म्हणाली, "बाईंना पाठवा." दुसऱ्या दारात तेच. शेवटी त्यांनी स्वतःच मंडळाला सांगितलं की बाईंना बोलवा. हा माणूस सरळ होता, असं मी म्हणतो ते यामुळं. मंडळानं विचार करून बाईंना ग्रंथपालांच्या हाताखाली मदतनीस म्हणून घ्यायचं ठरवलं, आणि निरोप घेऊन मला पाठवलं.

बाई अंगणात गवऱ्या उलटत होत्या. मी निरोप सांगितला. माझ्या मनात होतं की त्या हो म्हणतील, त्यांच्यावाचून ती खोली मला नकोशी झाली होती, हेही मी सांगून टाकलं. त्यांनी हात झटकले.

"किल्ली कुणाकडं राहणार?"

"ग्रंथपालांकडं."

"आणि पोथी देणाऱ्या बाईनं विचारलं, हिला जपणार कोण, तर मी काय सांगू?"

मीही एक गवरी उचलून उलटी ठेवली.

"तिला मी सांगणार, मी आहे म्हणून. आणि उद्या खोली उघडायची की नाही, पोथी पुण्याला पाठवायची की विकायची, हे ठरवणार दुसरंच कुणी. असा शब्द मी देत नाही. तुमच्या मंडळाला तो देता येतो, तर त्यांनीच जाऊन द्यावा."

मी परत येऊन अध्यक्षांना सांगितलं की बाई येत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "फार मानी आहेत," आणि चष्मा पुसून पुढचा विषय घेतला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं त्या वाचनालयात होतो. वार्षिक अहवाल मीच लिहीत असे. पोथीखोलीबद्दल त्यात एकच ओळ असायची, आणि ती मला कधी बदलावी लागली नाही: हस्तलिखितांचा संग्रह गतवर्षी होता तेवढाच आहे. वार्षिक सभेत अध्यक्ष ती ओळ मोठ्यानं वाचत, आणि एकही पोथी कमी झाली नाही म्हणून सभासद टाळ्या वाजवत.